शंकूची गोष्ट

रस्त्यात खोदकाम चालू असलं की आडवा येणारा नारिंगी-पांढरा शंकू बघून तुम्हाला ट्रॅफिकऐवजी सिनेमा आठवत असेल, तर मंडळी, तुम्ही आमच्याच जातकुळीतले :)

फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये माझं सगळ्यात लाडकं म्हणजे व्हीएलसी. नवं मशीन हातात आलं की ब्राउझरच्या पाठोपाठ हेच उतरवून घेतो. या वीकांताला त्याचाच इतिहास.

तर झालं असं. १९९० च्या दशकाच्या मध्यात पॅरिसच्या दक्षिणेला 'एकोल सांत्राल' या नामांकित इंजिनियरिंग कॉलेजच्या होस्टेलमध्ये नेटवर्क होतं टोकन रिंगचं. म्हणजे टोकन ज्याच्याकडे येईल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. गेम खेळणाऱ्या पोरांना हे कसं परवडणार? त्यांना नवीन, वेगवान नेटवर्क हवं होतं, पण पैसा? पोरं प्रायोजक शोधत ब्विग या बड्या उद्योगसमूहाकडे गेली. या समूहाला रस होता सॅटेलाइट टीव्हीमध्ये. मग युक्ती निघाली : प्रत्येक खोलीला वेगळी डिश आणि डीकोडर घेण्याऐवजी एकच मोठी डिश लावायची आणि चित्र नेटवर्कवरून खोल्याखोल्यांत पाठवायचं. आता त्यासाठी नेटवर्क दणकट लागणारच ना! दुखणं गेमचं, औषध टीव्हीचं.

यातून १९९६ मध्ये 'व्हिडिओलॅन' प्रकल्प जन्मला. एक सर्व्हर आणि एक क्लायंट. 'व्हिडिओलॅन क्लायंट'चं लघुरूप ते व्हीएलसी. १९९८ मध्ये सगळा कोड नव्याने लिहायला घेतला आणि १ फेब्रुवारी २००१ ला कॉलेजच्या संचालकांच्या परवानगीने तो जीपीएल लायसन्सखाली जगासाठी खुला झाला. आणि शंकू? नेटवर्क सांभाळणाऱ्या पोरांनी रस्त्यावरचे शंकू गोळा करून ठेवले होते म्हणे. होस्टेलमध्ये राहिलेल्यांना जास्त सांगायला नको.

आता याच्या गुणांचं मूळ बघा. नेटवर्कवरून येणाऱ्या चित्राचे तुकडे वाटेत हरवतात. त्यामुळे जे हाती लागलं त्यातून चित्र उभं करायचं, हे संस्कार याच्यावर लहानपणापासूनचे! म्हणूनच अर्धवट उतरलेली फाइलही तो बऱ्याचदा चालवून दाखवतो. दुसरं म्हणजे कोडेक त्याच्या पोटातच असतात. 'कोडेक सापडला नाही' हा मेसेज आणि मग महाजालावर कोडेक पॅक हुडकत फिरणं ज्यांनी भोगलंय, त्यांना याची किंमत कळेल.

पण कॉलेजचा प्रकल्प म्हटला की एक धोका असतोच. पोरं पास होऊन जातात, कोड मागे राहतो. इथे ज्याँ-बाप्तिस्त केम्फ या माजी विद्यार्थ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी तो सांभाळला. २००९ मध्ये आवृत्ती १.० आली आणि व्हिडिओलॅन ही कॉलेजपासून वेगळी, विनानफा संस्था झाली. जाहिराती घालण्यासाठी लाखो युरो देऊ करणारे आले, त्यांना केम्फने नकार दिला. जानेवारी २०२५ मध्ये व्हीएलसीने ६ अब्ज डाउनलोडचा टप्पा ओलांडल्याचं जाहीर झालं. जाहिरात शून्य!

आता आपल्याकडचा अध्याय. २०२२ मध्ये व्हिडिओलॅनची वेबसाइट भारतात बऱ्याच ठिकाणी उघडेनाशी झाली. का, ते कोणी सांगेना. ना पूर्वसूचना, ना सुनावणी. गंमत म्हणजे मोबाइलच्या अॅप स्टोअरवर व्हीएलसी तेव्हाही मिळत होता. ऑक्टोबरमध्ये व्हिडिओलॅनने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने सरकारी खात्यांना कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदी उठली.

मला यात खटकतं ते वेगळंच. अधिकृत दार बंद झालं म्हणून लोक व्हीएलसी वापरायचे थांबत नाहीत, ते शोधून मिळेल त्या साइटवरून उतरवतात. तिथे शंकूच्या आड काय बांधून दिलंय, देव जाणे! आणि मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते, विनानफा संस्थेकडे नसते. अशा वेळी भांडायला कोणीतरी उभं राहावं लागतं. या वेळी राहिलं. दर वेळी राहीलच असं नाही.

म्हणून दोन कामं सुचवतो. आई-बाबांच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर व्हीएलसी टाकाल तो व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. आणि मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटाएवढे पैसे वर्षातून एकदा त्यांच्या देणगीच्या पानावर टाका. इतके सिनेमे दाखवलेत बिचाऱ्याने!

असो. डिसेंबरात नाताळच्या सुमारास व्हीएलसी उघडलात तर शंकूकडे जरा निरखून बघा. त्याच्या डोक्यावर सांताची टोपी असते :)