पाटील किती, कुळे किती?

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील एखाद्या माध्यमिक शाळेचे हजेरीपत्रक उघडले, की एकाखाली एक पाटील येत जातात. बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकाला वाटते, ही सारी एकाच भाऊबंदकीतली मुले असावीत. निदान एका जातीची तरी. यातले काहीही गृहीत धरता येत नाही.

'पाटील' हे मुळात कुळाचे नाव नाही, कामाचे आहे. माळव्याच्या परमार राजांच्या ताम्रपटांत (१० वे-११ वे शतक) दान दिलेल्या गावातील 'पट्टकिल' आणि इतर रहिवाशांना उद्देशून आज्ञा असते. हा पट्टकिल म्हणजे गावचा प्रमुख. मराठीतील पाटील आणि गुजरातीतील पटेल हे दोन्ही शब्द त्याच्याशी जोडले जातात. पुढे फारसी वळणाच्या कागदांत हाच माणूस 'मोकदम' म्हणून भेटतो. सारा गोळा करणे, पडीक जमीन लागवडीला आणणे, चोरीचा माग काढणे, तंटे सोडवणे ही त्याची कामे. हिशेब लिहायला कुलकर्णी. पाटलाला स्वतःचे आडनाव वेगळे असू शकेच. महादजी शिंद्यांना लोक 'पाटीलबाबा' म्हणत, पण घराणे शिंद्यांचेच राहिले.

पाटीलकी हे वतन होते. ते वारसाने येई, त्याच्या वाटण्या होत आणि अडचणीच्या काळी हिस्सा विकताही येई. म्हणजे एकाच गावात दोन निराळ्या घराण्यांकडे पाटीलकी असणे शक्य होते. शिवाय गावात ज्या समाजाची वस्ती मोठी, पाटील बहुधा त्यातला. म्हणून रावेर-यावलकडे लेवा पाटील भेटतात, तर इतरत्र मराठा, गुजर, राजपूत. प्रत्यक्ष काम एकाकडे असले तरी भाऊबंदही पाटीलच म्हणवू लागले आणि शाळेच्या दाखल्यावर तेच नाव पक्के झाले. चौधरी, महाजन, देशमुख यांचीही गत थोडीफार अशीच. बहिणाबाई असोद्याच्या महाजनांच्या लेक आणि जळगावच्या चौधरींच्या सून; माहेर-सासरची दोन्ही आडनावे मानाची पदे आहेत!

१९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद गेले. पोलीस पाटील उरला, पण १९६७ च्या कायद्यानंतर तोही वंशपरंपरेने येत नाही. गावच्या पोलीस पाटलाचे आडनाव आज पाटील असेलच असे नाही.

आता याची विज्ञानाशी गाठ कुठे पडते ते पाहू. चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज याने १८७५ मध्ये इंग्लंडमधील भावंडांमधल्या विवाहांचे प्रमाण काढण्याचा प्रयत्न केला. लग्नाच्या छापील बातम्यांत वधूवरांचे आडनाव एकच असलेली लग्ने त्याने मोजली आणि त्यावरून गणित मांडले. (त्याची आई एमा ही वडिलांची मामेबहीण; पण ती वेजवुड, हे डार्विन. अशी जोडपी थेट मोजणीत सापडत नाहीत, म्हणून गणितात त्यांच्यासाठी दुरुस्ती करावी लागते.) आडनाव बापाकडून मुलाकडे जाते, तेव्हा समान आडनाव म्हणजे बहुधा समान पूर्वज, हे या पद्धतीमागचे गृहीतक. पुढे लोकसंख्येच्या आनुवंशिकीत ही पद्धत बरीच वापरली गेली.

खानदेशात ती वापरून पाहा. पाटलांची लेक पाटलांच्या घरी देणे इथे नित्याचे आहे. सोयरीक जुळवणारी माणसे 'पाटील' ऐकून थांबत नाहीत, कूळ विचारतात. ते देवरे, बोरसे, भामरे, निकम असे काही निघते आणि कूळ एक निघाले तर बोलणी तिथेच संपतात. म्हणजे नेमके नाते टाळून केलेले लग्न आपली मोजणी नात्यातले म्हणून धरील. लग्नानंतर मुलीचे कूळ बदलते; कागदावर मात्र ती पाटीलच्या पाटील.

नववी-दहावीच्या वर्गात हे करून पाहता येईल. मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना आपले जुने आडनाव किंवा कूळ विचारून यावे, सांगायचे नसेल त्याने सांगू नये. जात विचारायची नाही. वर्गातले पाटील किती आणि त्यांत कुळे किती, एवढेच फळ्यावर मांडावे. मग गावातल्या जोशी, कुलकर्णी, सोनार या आडनावांकडे वळावे.