कर्मचारी व ग्राहक सर्वेक्षणांची विश्वसनीयता : हॉथॉर्न कारखान्यातील अनुभवाच्या संदर्भात

प्रस्तावना

कर्मचाऱ्यांची मते आणि ग्राहकांची पसंती मुलाखती व प्रश्नावलीद्वारे जाणून घेण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उद्योगक्षेत्रात रूढ झाली. पुढे ती कारखान्यांपुरती मर्यादित राहिली नाही. २०१७ मध्ये 'नॅक'ने मूल्यांकनाच्या सुधारित चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा अंतर्भाव केला आणि महाविद्यालयीन प्राध्यापकवर्गही अशा आकडेवारीचा विषय बनला. या आकडेवारीच्या विश्वसनीयतेची चर्चा होते तेव्हा नमुन्याचा आकार, त्याची निवड आणि प्रतिसादाचे प्रमाण यांवरच सामान्यतः भर दिला जातो. या बाबी महत्त्वाच्या आहेतच; परंतु आपल्या उत्तराचे पुढे काय होणार आहे, याविषयी उत्तर देणाऱ्याची समजूत काय असते, हा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. तो सांख्यिकीच्या सूत्रांनी सुटत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार प्रामुख्याने अमेरिकेतील हॉथॉर्न कारखान्याच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

हॉथॉर्न येथील मुलाखती

शिकागोलगतच्या सिसेरो येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना बेल टेलिफोन व्यवस्थेसाठी यंत्रसामग्री तयार करीत असे. तेथे १९२४ ते १९२७ या काळात झालेले प्रकाशयोजनेचे प्रयोग व्यवस्थापनशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतून सर्वपरिचित झाले आहेत. त्यानंतरचा मुलाखतींचा कार्यक्रम मात्र बहुधा दोन-चार ओळींत उरकला जातो. वास्तविक विश्वसनीयतेच्या दृष्टीने तोच अधिक उद्बोधक आहे.

सप्टेंबर १९२८ मध्ये तपासणी विभागातील सुमारे १,६०० कर्मचाऱ्यांपासून या कार्यक्रमाचा प्रारंभ झाला आणि १९३० अखेर एकूण २१,१२६ कर्मचाऱ्यांच्या मुलाखती पूर्ण झाल्या. पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणासाठी साहित्य मिळविणे हा मूळ हेतू होता. त्यामुळे प्रारंभी काम, कामाची परिस्थिती आणि पर्यवेक्षण यांविषयी ठरावीक प्रश्न विचारले जात. लवकरच असे आढळून आले की, कर्मचारी विचारलेला प्रश्न बाजूला सारून स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या विषयाकडे वळतात. १९२९ च्या मध्यास पद्धतच बदलण्यात आली. मुलाखतकाराने विषय सुचवू नये, केवळ ऐकावे, असे ठरले. परिणामी सरासरी अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासापर्यंत लांबली. पूर्वीच्या मुलाखतींत जे मिळत होते ते कर्मचाऱ्यांचे मत कमी आणि प्रश्नकर्त्याच्या प्रश्नांचा प्रतिध्वनी अधिक होता, याची ही एक प्रकारे कबुलीच होती.

या सामग्रीचे विश्लेषण एफ. जे. रोथलिसबर्गर आणि विल्यम डिक्सन यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात केले. त्यांनी तक्रारींचे तीन वर्ग पाडले. एखादे यंत्र मोडले आहे, ही तक्रार प्रत्यक्ष पाहून तपासता येते. खोली फार गरम आहे, या विधानाचा संबंध ज्याच्या-त्याच्या संवेदनेशी असतो. पगार कमी आहे किंवा वरिष्ठ अन्याय करतात, या विधानांत मात्र भावना, अपेक्षा व सामाजिक स्थान मिसळलेले असते. ती केवळ खरी वा खोटी ठरविता येत नाहीत. हे वर्गीकरण मोलाचे आहे. तथापि त्याचा एक धोकाही आहे. पगाराविषयीची तक्रार एकदा 'भावना' या सदरात टाकली की पगार खरोखरच कमी आहे काय, हे तपासण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर उरत नाही.

मोजलेले आणि सांगितलेले उत्पादन

नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात टेलिफोन केंद्रांच्या उपकरणांची तारजोडणी करणाऱ्या १४ पुरुष कामगारांचे एका स्वतंत्र खोलीत निरीक्षण करण्यात आले. त्यांत ९ तारजोडणीकार, ३ झाळणकाम करणारे व २ तपासनीस होते. वेतन गटाच्या एकूण उत्पादनावर अवलंबून असल्याने अधिक काम केल्यास सर्वांचीच मिळकत वाढणार होती. कंपनीचे प्रमाण दिवसाला ७,३१२ जोडण्यांचे होते. कामगारांच्या मते मात्र ६,००० ते ६,६०० जोडण्या म्हणजे दिवसाचे पुरेसे काम. त्याहून अधिक काम केल्यास दर कमी होतील किंवा कोणाची तरी नोकरी जाईल, अशी त्यांची समजूत होती. वेगाने काम करणाऱ्याला सहकारी चेष्टेने, प्रसंगी दंडावर ठोसा मारून आवरत असत.

येथे प्रस्तुत विषयाशी थेट निगडित अशी बाब पुढे येते. दिवसअखेर कामगार आपले उत्पादन स्वतः सांगत. निरीक्षकाने केलेली मोजणी आणि त्यांनी सांगितलेला आकडा यांत तफावत आढळली. काही जण केलेल्या कामापेक्षा कमी सांगत, काही जण अधिक. उत्पादनाचा आलेख दिवसेंदिवस सरळ दिसावा, चढउतार वरिष्ठांच्या डोळ्यांवर येऊ नये, हा त्यामागील उद्देश होता. म्हणजे कारखान्याच्या नोंदवहीत दिसणारे स्थैर्य कामगारांनी स्वतः घडविलेले होते. स्वतंत्र मोजणी झाली नसती तर त्या नोंदी निःशंकपणे स्वीकारल्या गेल्या असत्या. मनातील भावनेविषयीच नव्हे, तर हाताने केलेल्या, मोजता येण्याजोग्या कामाविषयीही उत्तर देणारा उत्तराचे परिणाम जोखूनच बोलतो, हे यावरून दिसते.

संशोधकांनी कामगारांच्या या भीतीला अनुभवाचा आधार नसल्याचे प्रतिपादन केले. हे मत स्वीकारणे कठीण आहे. महामंदीच्या काळात कारखान्यातील मनुष्यबळ झपाट्याने घटत होते आणि हे निरीक्षणही अखेरीस पुरेसे काम नसल्यामुळेच बंद करावे लागले.

उत्तरांचा उपयोग

१९३५ च्या वॅग्नर कायद्याने अमेरिकन कामगारांच्या संघटनेच्या हक्काला संरक्षण दिले. त्यानंतर १९३९ मध्ये सीअर्स, रोबक या विक्री कंपनीने एका सल्लागार संस्थेच्या साहाय्याने कर्मचाऱ्यांच्या मनोवृत्तीची सर्वेक्षणे सुरू केली. कोणत्या शाखेत असंतोष आहे आणि म्हणून कोठे संघटना मूळ धरू शकेल, हे हेरण्यासाठीही या सर्वेक्षणांचा उपयोग झाल्याचे इतिहासकार सॅनफर्ड जॅकोबी यांनी दाखविले आहे. व्यक्तीचे नाव गुप्त राहिले तरी शाखेचे नाव गुप्त राहत नव्हते. सात-आठ विद्यार्थ्यांच्या वर्गात निनावी अभिप्राय-पत्रक भरून घेणाऱ्या प्राध्यापकांना हा मुद्दा विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

ग्राहकाच्या बाबतीत अशी भीती नसते. म्हणून त्याचे उत्तर अधिक भरवशाचे मानण्याकडे कल असतो. कोका-कोला कंपनीने सुमारे २ लाख ग्राहकांच्या चवचाचण्या घेऊन २३ एप्रिल १९८५ रोजी आपल्या पेयाची चव बदलली. नमुना लहान होता असे कोणी म्हणू शकणार नाही, आणि ग्राहक खोटे बोलले असेही नाही. त्यांना दोन घोटांची तुलना करण्यास सांगितले होते. जुने पेय कायमचे सोडण्यास ते तयार आहेत काय, हा चाचणीचा प्रश्नच नव्हता. जूनपर्यंत कंपनीकडे दररोज सुमारे १,५०० दूरध्वनी येऊ लागले. त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. ११ जुलै १९८५ रोजी कंपनीने जुने पेय परत आणण्याची घोषणा केली.