म्हशीचे दात आणि साहेबाचा क्लब

जनावर घ्यायचं तर आधी दात बघावेत, चार पावलं चालवून बघावं आणि इतकी वर्षं ज्यानं ते सांभाळलं त्याला दोन गोष्टी विचाराव्यात, हा आमच्या पेठ वडगावच्या बाजाराचा शिरस्ता. रुमालाखाली बोटं धरायची ती त्यानंतर. फुटबॉलचा क्लब कसा घ्यावा, हे मात्र आम्हांला विचारू नका. शेजारच्या कोल्हापुरात क्लब विकतच मिळत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तालमींची नावं. तालमीला पेठ असते, मालक नसतो. म्हणजे गोल हुकला की ओरडणारे सगळेच मालक!

पण पुण्याच्या व्यंकीज या कोंबडीवाल्या उद्योगसमूहानं नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडातला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब चक्क विकत घेतला. किंमत सुमारे २ कोटी ३० लाख पौंड. जनावर खानदानी. जन्म १८७५ चा, १९९५ साली इंग्लंडचं अजिंक्यपद. तेही जॅक वॉकर या पोलादवाल्याच्या पैशानं आलेलं. तेव्हा मालक असण्यात वावगं काही नाही. फक्त वॉकर पडला त्याच गावचा. गोठा त्याच्या ओळखीचा होता.

नव्या मालकांनी महिनाभरातच अनुभवी व्यवस्थापक सॅम अलार्डाइस यांना नारळ दिला. संघ तेव्हा तेरावा होता. म्हणजे म्हैस दूध देत होती, गवळी तेवढा हाकलला! पुढं खेळाडू कोंबडी खाताहेत अशी जाहिरातही निघाली. मे २०१२ मध्ये संघ वरच्या वर्गातून घसरला, त्या सामन्यात क्लबचा झेंडा पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात फिरत होती. सबंध कारभारात तिचा दोष सर्वांत कमी.

त्याच साली हेनिंग बर्ग नावाचा व्यवस्थापक आला आणि ५७ दिवसांत गेला. सामने दहा, विजय एक. उरलेल्या कराराचे पैसे त्यानं मागितले, तर क्लबचं न्यायालयात म्हणणं असं, की असा करार करायचा अधिकार आमच्याच व्यवस्थापकीय संचालकाला नव्हता! २०१३ मध्ये न्यायालयानं साडेबावीस लाख पौंड द्यायला लावले. दिवसाला जवळजवळ चाळीस हजार पडले. आमच्याकडं एवढ्यात बाजार, रुमालासकट, आला असता. त्याच्या जागी आलेला गृहस्थ ६७ दिवस टिकला. याला प्रगती म्हणायची.

२०१७ साली क्लब तिसऱ्या वर्गात गेला. वर्षभरात दुसऱ्यात परतला, इतकंच. मालकांनी हात आखडला असं मात्र कुणी म्हणू नये. वर्षानुवर्षं तोटा त्यांनीच भरला. पैसा होता, विचारायचं तेवढं राहिलं.

म्हैस आटली तर बाजारात नेऊन दुसरी आणता येते. पण ज्याचा आजाही त्याच क्लबासाठी घसा फोडत होता, त्या ब्लॅकबर्नच्या माणसानं कुठल्या बाजारात जावं? तो आपला पुढच्या शनिवारी पुन्हा तिकीट काढतो.