आर-१६ : घाईत एकेक कुलूप काढलं की काय होतं

क्षेपणास्त्रांचा इतिहास म्हटलं की आपण पल्ला, वेग आणि वजन यांचे तक्ते बघतो. पण मित्रांनो, संशोधनात येणार असाल तर सोव्हिएत आर-१६ ची हकिकत एकदा नीट समजून घ्या.

आधी थोडी पार्श्वभूमी. सेर्गेई कोरोल्योव्ह यांचं आर-७ हे जगातलं पहिलं आंतरखंडीय क्षेपणास्त्र. ऑगस्ट १९५७ मध्ये त्याची चाचणी यशस्वी झाली आणि ४ ऑक्टोबरला त्याच रॉकेटने स्पुटनिक कक्षेत नेला. लष्कराची अडचण वेगळीच होती. त्यातला द्रवरूप ऑक्सिजन सतत उकळून उडून जातो. म्हणजे क्षेपणास्त्र भरून तयार ठेवता येत नाही, ऐन वेळच्या तयारीत तासन् तास जातात.

मिखाईल यांगेल यांनी आर-१६ मध्ये यावर तोडगा काढला. इंधन हायड्रॅझिनच्या कुळातलं, ऑक्सिडायझर नायट्रिक आम्लावर आधारित. दोन्ही साध्या तापमानाला द्रव राहतात आणि एकमेकांना भेटताच ठिणगीशिवाय पेटतात. सोय आणि धोका, दोन्ही यातच आले.

ऑक्टोबर १९६०, बायकोनूर. ७ नोव्हेंबरच्या क्रांतिदिनाआधी उड्डाण हवं होतं. इंधन भरल्यावर गळती आणि विद्युत बिघाड लक्षात आले. खरं तर इंधन काढून मगच दुरुस्ती करायला हवी होती, पण त्यात मुदत टळली असती. म्हणून भरलेल्या रॉकेटवरच काम सुरू राहिलं. सामरिक क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख मार्शल नेडेलिन स्वतः रॉकेटजवळ खुर्ची टाकून बसले. मग बाकीचे कसे हलणार?

२४ ऑक्टोबरला, उड्डाणाला साधारण अर्धा तास असताना, आज्ञा क्रमाने सोडणारं उपकरण मूळ स्थितीवर आणलं जात होतं. वेळ वाचवायला बॅटऱ्या आधीच चालू केलेल्या होत्या. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या इंजिनाला आज्ञा गेली, ते पेटलं आणि त्याच्या ज्वाळेने खालची टाकी फोडली. नेडेलिन गेले. यांगेल सिगारेट ओढायला बंकरकडे गेले होते, म्हणून वाचले. मृतांचा आकडा कुठे ७४ दिसतो, तर कुठे शंभराच्या वर.

सरकारने जाहीर केलं की नेडेलिन विमान अपघातात गेले. खरी हकिकत सोव्हिएत वाचकांना १९८९ मध्ये ‘अगन्योक’ साप्ताहिकातून कळली. आर-१६ फेब्रुवारी १९६१ मध्ये उडालं आणि पुढे लष्करात दाखलही झालं. म्हणजे रचना मुळात टाकाऊ नव्हती.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, इथे कुठलाही एक निर्णय एकटा घातक नव्हता. बॅटऱ्या आधी चालू करणं, भरलेल्या टाकीवर दुरुस्ती, पॅडवर नको तितकी माणसं : प्रत्येक वेळी एकेक कुलूप निघत गेलं. प्रयोगशाळेत मुदत जवळ आली की आधी हेच तपासा, की आपण कोणकोणती कुलपं काढून ठेवली आहेत. दुसरी गोष्ट स्रोतांची. अधिकृत निवेदन हाही पुरावाच, पण ते कोणी, कधी आणि कशासाठी काढलं हे पाहिल्याशिवाय तळटीपेत टाकू नका. आणि आकडे जुळत नसतील तर सोयीचा एक निवडण्यापेक्षा दोन्ही लिहा, फरक का पडतो ते शोधा.