घरगुती राउटर

घरगुती राउटर हे घरात आलेली एकच इंटरनेट जोडणी अनेक उपकरणांना एकाच वेळी वापरता यावी यासाठी बसवले जाणारे उपकरण आहे. सेवादात्याकडून आलेली तार एका बाजूस व घरातील संगणक, भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणी संच, सीसीटीव्ही कॅमेरे इत्यादी दुसऱ्या बाजूस अशा दोन जाळ्यांच्या मध्ये ते उभे असते. दोन्हींमधील माहितीच्या पाकिटांची ने-आण करणे हे त्याचे मुख्य काम होय. बोलीभाषेत त्यास सर्रास ‘मोडेम’ किंवा ‘वायफायचा डबा’ म्हटले जाते. धाराशिव जिल्ह्यातील भूमसारख्या तालुक्याच्या गावी बहुतेक ग्राहकांना मोडेम, राउटर व वायफाय प्रक्षेपक ही तिन्ही उपकरणे एकाच पेटीत मिळत असल्याने हा गोंधळ स्वाभाविक आहे.

पार्श्वभूमी

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. ती दूरध्वनीच्या तारेवरून क्रमांक फिरवून मिळवावी लागे. एका घरात एकच संगणक, आणि इंटरनेट चालू असताना दूरध्वनी बंद, अशा त्या काळात जोडणी वाटून घेण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. १९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एका संगणकाची जोडणी दुसऱ्यास देण्याची सोय होती. मात्र त्यासाठी पहिला संगणक सतत चालू ठेवावा लागे. वेगळ्या राउटरने ही अडचण दूर केली.

जानेवारी २००५ पासून भारत संचार निगमने ब्रॉडबँड सेवा देण्यास प्रारंभ केला. आदल्या वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदास किमान २५६ किलोबिट वेग असलेल्या जोडणीस ब्रॉडबँड मानले होते. २०२३ पासून ही मर्यादा २ मेगाबिट आहे. जानेवारी २००५ मध्येच २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करण्यात आला, त्यामुळे घरात वायफाय राउटर लावण्यास कोणाची वेगळी परवानगी घ्यावी लागत नाही. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये असाच खुला झाला.

ग्रामीण भागात प्रकाशतंतू पोहोचवण्यासाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळ्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट असे नाव मिळाले. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने राज्य शासनाच्या महाआयटी या कंपनीकडे देण्यात आले. ही तार ग्रामपंचायतीपर्यंत येते; तेथून घरापर्यंतची जोडणी हा निराळा टप्पा असतो. लहान गावांत हे शेवटचे काम अनेकदा स्थानिक केबलचालक करतात.

कार्यपद्धती

इंटरनेटवरील प्रत्येक उपकरणास आयपी पत्ता लागतो. या पत्त्यांची चौथी आवृत्ती ३२ बिटांची असल्याने एकूण सुमारे ४२९ कोटी पत्तेच संभवतात. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटले गेले. घरातील प्रत्येक उपकरणास स्वतंत्र पत्ता देणे शक्य नसल्याने पत्तारूपांतराची युक्ती वापरली जाते. सेवादाता घरास एकच पत्ता देतो. घराच्या आत राउटर प्रत्येक उपकरणास खासगी पत्ता देतो. असे पत्ते बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात व ते घराबाहेर चालत नाहीत. एखाद्या वाड्याचा टपालपत्ता एकच असावा आणि आलेली पत्रे दिवाणजीने ज्या त्या खोलीत पोहोचवावीत, तसे हे काम चालते. कोणत्या उपकरणाने कोणती मागणी केली याची नोंद राउटर एका तक्त्यात ठेवतो आणि उत्तर आले की त्या नोंदीवरून ते योग्य ठिकाणी धाडतो. खासगी पत्त्यांचे वाटप आपोआप करणाऱ्या नियमावलीस डीएचसीपी म्हणतात.

पत्त्यांची टंचाई वाढल्यावर अनेक सेवादात्यांनी हीच युक्ती आपल्या पातळीवरही वापरण्यास सुरुवात केली, म्हणजे अनेक घरे मिळून एक सार्वजनिक पत्ता. राउटरच्या माहितीपानावर बाहेरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर ती जोडणी या प्रकारची समजावी. नेहमीच्या वापरात याचा फरक जाणवत नाही. मात्र शेतवस्तीवरील कॅमेरा बाहेरगावाहून थेट पाहण्याचा प्रयत्न अशा जोडणीवर फसतो. त्यासाठी कॅमेरा उत्पादकाची मध्यस्थ सेवा, आयपीची सहावी आवृत्ती किंवा सेवादात्याकडून जादा शुल्क भरून घेतलेला स्थिर पत्ता यांपैकी एक मार्ग धरावा लागतो.

स्थापना

प्रकाशतंतूची जोडणी असल्यास तार प्रथम ओएनटी नावाच्या पेटीत येते. तिच्यावरील ‘पॉन’ हा दिवा स्थिर हिरवा असणे आवश्यक आहे. ‘लॉस’ हा तांबडा दिवा लुकलुकत असेल तर प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही असा अर्थ होतो, आणि अशा वेळी राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग होत नाही. तंतू काचेचा असल्याने तो खिळ्याला गुंडाळणे, दाराच्या फटीत दाबणे किंवा काटकोनात वळवणे टाळावे.

स्वतंत्र राउटर घेतला असल्यास ओएनटीमधून निघणारी जालतार त्याच्या ‘वॅन’ असे लिहिलेल्या, बहुधा वेगळ्या रंगाच्या खाचेत बसवतात. ती चुकून ‘लॅन’ खाचेत बसवणे ही सर्वांत नेहमीची चूक होय. त्यानंतर संगणक किंवा भ्रमणध्वनी राउटरला जोडून न्याहाळकात त्याचा स्थानिक पत्ता टंकावा. तो उपकरणाच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो व बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. हे आकडे इंग्रजी कळांनीच टंकावे लागतात. देवनागरी आकडे दिल्यास पान उघडण्याची खात्री नसते.

उघडलेल्या पानावर जोडणीचा प्रकार विचारला जातो. सेवादात्याने वापरकर्तानाव व पासवर्ड दिला असल्यास पीपीपीओई निवडावे; नसल्यास बहुधा ‘स्वयंचलित आयपी’ चालतो. काही सेवादाते यासोबत व्हीलॅन क्रमांकही मागतात, तो त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. ही माहिती जोडणी बसवणाऱ्या तंत्रज्ञाच्या वहीत राहते आणि ग्राहकाकडे तिची नोंद नसते, असे अनेक घरांत आढळते. राउटर मूळ स्थितीवर आणायची वेळ आली की त्यामुळे काम अडते. म्हणून ती पहिल्याच दिवशी कागदावर उतरवून घेणे इष्ट.

ओएनटी स्वतःच राउटरचे काम करत असेल आणि त्यामागे दुसरा राउटर लावला, तर पत्तारूपांतर दोनदा होते. काही खेळ व दृक्‌श्राव्य संभाषणे यामुळे अडखळतात. अशा वेळी दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ या स्थितीत ठेवणे योग्य. ती सोय नसल्यास त्याचा स्थानिक पत्ता बदलून, त्यातील डीएचसीपी बंद करून जालतार त्याच्या लॅन खाचेत बसवली तरी तोच परिणाम साधतो.

जागेची निवड

वायफायच्या लहरी २.४ व ५ गिगाहर्ट्‌झ या दोन पट्ट्यांत धावतात. पहिल्याचा पल्ला अधिक व वेग कमी, दुसऱ्याचे उलट. सिमेंटच्या पातळ भिंतींच्या सदनिकांना समोर ठेवून दिलेला सल्ला मराठवाड्यातील जुन्या घरांना तंतोतंत लागू पडत नाही. दगडमातीच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती आणि वर माळवद अशा घरात ५ गिगाहर्ट्‌झची लहर एका भिंतीपलीकडेच क्षीण होते. ओसरीत बसवलेल्या राउटरचा उपयोग माजघरात होत नाही, मग तो कितीही महागडा असो. अशा घरांत राउटर कोनाड्यात ठेवण्याची पद्धतही चुकीची आहे, कारण तीन बाजूंनी जाड भिंत असल्याने लहरी केवळ समोरच जातात. जाडीच्या भिंतीतून एक जालतार पलीकडे नेऊन तेथे दुसरा स्वस्त राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावणे हा सर्वांत भरवशाचा उपाय होय. तांब्याची जालतार १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे वाड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास ती पुरेशी ठरते. बिनतारी विस्तारकास मात्र मुळात बरा संकेत मिळेल अशा जागीच ठेवावे लागते, शिवाय त्यात वेगही घटतो.

पत्र्याच्या छताचे वर्तन निराळे असते. धातू लहरी परतवतो, त्यामुळे खोलीत संकेत चांगला मिळतो. पण छतावर किंवा पत्र्यापलीकडे तो जवळजवळ नसतो. लोखंडी कपाट, पाण्याची टाकी व आरसा यांमागे राउटर ठेवू नये. शेजारी अनेक राउटर असल्यास २.४ गिगाहर्ट्‌झमधील १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीची वाहिनी निवडावी, कारण या तिन्ही परस्परांवर आच्छादत नाहीत.

वेगाविषयी एक गैरसमज वारंवार आढळतो. योजनेतील ४० मेगाबिट म्हणजे सेकंदास ५ मेगाबाइट, कारण एका बाइटमध्ये ८ बिट असतात. याखेरीज स्वस्त राउटरांच्या खाचा १०० मेगाबिटपर्यंतच चालतात. अशा राउटरवर २०० मेगाबिटची योजना घेतल्यास निम्मे पैसे वाया जातात.

वीज व पाऊस

भारनियमनात दिवे गेले की इंटरनेटही जाते, परंतु याचे कारण बहुतेकदा तार नसून घरातील पेटी असते. प्रकाशतंतूला घरापर्यंत येण्यास वीज लागत नाही. ओएनटी व राउटरला लागते. ही उपकरणे सहसा १२ व्होल्टवर चालतात व फार थोडी वीज घेतात, त्यामुळे लहान बॅटरीसंच त्यांना काही तास चालवू शकतो. संचाचा व्होल्टचा आकडा उपकरणाशी जुळलाच पाहिजे, अँपिअरचा आकडा त्याहून अधिक असला तरी चालतो. अर्थात सेवादात्याच्या वाटेवरील यंत्रेही त्या वेळी चालू असावी लागतात.

एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या पावसात विजा कडाडताना तांब्याच्या दूरध्वनी तारेवरून येणारा झटका मोडेम जाळत असे. प्रकाशतंतूतून वीज वाहत नाही, त्यामुळे तो धोका राहिला नाही. विजेच्या प्लगाकडून येणारा धोका मात्र कायम आहे, तेव्हा वादळात प्लग काढून ठेवणे हिताचे.

सुरक्षा

घरातील सर्व उपकरणे बाहेर एकाच पत्त्याने ओळखली जातात. त्यामुळे त्या जोडणीवरून कोणीही केलेली कृती प्रथमदर्शनी जोडणीधारकाच्या नावावर जाते. याचे महाराष्ट्रातील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण २००८ मधील आहे. २६ जुलै रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल पाठवण्यात आला होता. त्याच्या आयपी पत्त्याचा माग काढत महाराष्ट्राचे दहशतवादविरोधी पथक नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेत पोहोचले. तेथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाची चौकशी झाली. पुढे या प्रकरणात अन्य संशयितांना अटक झाली, आणि त्या घरातील असुरक्षित वायफायचा बाहेरच्या व्यक्तींनी वापर केल्याचे पोलिसांनी सांगितले. त्यानंतरच्या आठवड्यांत माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या व चेंबूरमधील एका कंपनीच्या जाळ्यावरूनही असेच ईमेल गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवादात्यांना ग्राहकांच्या वायफाय जोडण्या सुरक्षित करण्याविषयी सूचना दिल्या.

वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड या दोन भिन्न गोष्टी आहेत. बहुतेक घरांत पहिला बदलला जातो व दुसरा ‘ॲडमिन’ असाच राहतो. २०१६ मधील मिराई या हानिकारक आज्ञावलीने अशाच मूळ पासवर्डांच्या आधारे जगभरातील असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते. जुलै २०१७ मध्ये भारतातही मूळ पासवर्ड न बदललेले अनेक ब्रॉडबँड मोडेम अशा हल्ल्यात बंद पडले.

संकेतनासाठी डब्ल्यूपीए२ किंवा २०१८ मध्ये जाहीर झालेली डब्ल्यूपीए३ निवडावी. जुनी डब्ल्यूईपी पद्धत २००१ मध्येच भेद्य ठरली आहे. बटण किंवा आठ अंकी क्रमांकाने जोडणी देणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद ठेवावी, तिच्या क्रमांकातील दोष २०११ मध्ये उघड झाला. पासवर्ड लांब असावा. आडनाव व जन्मवर्ष किंवा भ्रमणध्वनी क्रमांक हे गल्लीतील कोणालाही सुचतात. पाहुण्यांसाठी राउटरमधील वेगळे ‘अतिथी जाळे’ सुरू करता येते, त्यामुळे त्यांना इंटरनेट मिळते पण घरातील संगणक व कॅमेरे दिसत नाहीत.

शेजाऱ्यांशी वाटणी

एका जोडणीचे पैसे दोन-तीन घरांनी मिळून भरण्याची प्रथा गावोगावी दिसते. घरगुती जोडणी इतरांना विकणे सेवादात्यांच्या अटींत सहसा बसत नाही, आणि वर सांगितलेली जबाबदारी तर नोंदणीकृत ग्राहकावरच येते. परवानगीविना दुसऱ्याच्या जाळ्यात शिरणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली येते. दुकानदाराला गिऱ्हाइकांना इंटरनेट विकायचे असल्यास डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना उपलब्ध आहे. तिच्याखाली किराणा दुकान किंवा चहाची टपरीही ‘सार्वजनिक डेटा कार्यालय’ होऊ शकते आणि त्यासाठी दूरसंचार परवाना अथवा शुल्क लागत नाही. वापरकर्त्यांची ओळख पटवणे व हिशेब ठेवणे हे काम योजनेतील नोंदणीकृत मध्यस्थ संस्था करते.