शर्यतीच्या मोटारींचे दप्तर

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, ताम्रपट आणि बखरी उभ्या राहतात. एखाद्या खटारा मोटारीलाही इतिहास असू शकतो, हे मला अमेरिकेतल्या 'स्टॉक कार' शर्यतींची हकीकत वाचू लागल्यावर पटले. या शर्यतीच्या मोटारी निमुळत्या, खास घडविलेल्या नसत. 'स्टॉक' म्हणजे दुकानात मिळते तशी. ज्या गाडीतून माणूस बायकामुलांना घेऊन बाजारहाट करतो, तीच गाडी सुटीच्या दिवशी शर्यतीत उतरवायची, अशी ही मूळची कल्पना.

तिचा उगम मात्र फारसा सोवळा नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. ती उठल्यावरही कर चुकविण्यासाठी जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना या दक्षिणेकडील प्रांतांतल्या डोंगरांत हातभट्ट्या पेटत्याच राहिल्या. १९३२ साली फोर्ड कंपनीने आपल्या स्वस्त गाडीत आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले आणि दारू वाहणाऱ्यांचे फावले. वरून गाडी गरीब गाईसारखी दिसायची. आत मात्र इंजिनाची ताकद वाढविलेली आणि ओझ्याने गाडी मागे बसू नये म्हणून स्प्रिंगा कडक केलेल्या! रात्री पोलिसांना हुलकावण्या देणारी ही पोरे दिवसा आपसांत पैजा लावू लागली.

त्यांच्यापैकी लॉइड सी हा एक. १ सप्टेंबर १९४१ रोजी त्याने अटलांटा येथे शर्यत जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी भट्टीसाठी आणलेल्या साखरेच्या हिशेबावरून नात्यातल्याच एका भावाने त्याला गोळी घातली. वय अवघे एकवीस! डॉसनव्हिल गावी त्याच्या थडग्याच्या दगडावर फोर्ड मोटार कोरली आहे आणि तिच्या खिडकीत लॉइडचे छायाचित्र बसविले आहे.

पुढे डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीच येथील एका हॉटेलात बैठक भरली आणि तिच्यातून 'नॅस्कार' ही संस्था निघाली. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे तिने खास दुकानी मोटारींची पहिली शर्यत भरविली. ली पेटी नावाच्या गृहस्थाने तर स्नेह्याची ब्यूक गाडी मागून आणली होती. शर्यतीत ती कोलांट्या खाऊन पडली. स्नेह्याला तोंड कसे दाखविले असेल, देव जाणे! ग्लेन डनवे याची फोर्ड पहिली आली, पण तपासणीत तिच्या मागच्या स्प्रिंगा दारूवाल्यांच्या पद्धतीने कडक केलेल्या आढळल्या आणि बक्षीस लिंकन गाडी हाकणाऱ्या जिम रोपरला मिळाले. फोर्डचा मालक कोर्टात गेला, पण तेथेही हरला.

मग या गाड्या गेल्या कुठे? दिवाळीच्या आवराआवरीत आपल्याकडे जुनी पितळी भांडी मोडीत निघतात, तशा त्या निघाल्या. नवे मॉडेल आले की जुने मागे पडे. चांगले इंजिन काढून दुसऱ्या गाडीत घालीत, सांगाड्यावर नवा पत्रा चढवीत. उरलेली गाडी एखादा होतकरू गडी स्वस्तात घेई आणि गावच्या मातीच्या मैदानावर ती पुरती ठोकून काढी. शेवटी भंगारवाला होताच. विजयी गाडीलाही यातून सुटका नसे, कारण तिचेच भाग सर्वांना हवे असत.

हडसन हॉर्नेट मोटारीचे पाहा. तिचा तळ सांगाड्याच्या आत खोल बसविलेला, त्यामुळे गाडीचा भार खाली राही आणि वळणावर ती घट्ट धरून चाले. इंजिन सहाच सिलिंडरांचे, पण १९५२ साली नॅस्कारच्या ३४ शर्यतींपैकी २७ हडसनने जिंकल्या! तरी बाजारात कंपनी टिकली नाही. १९५४ मध्ये ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि १९५७ मध्ये हडसन हे नावही संपले. मिशिगनमधील इप्सिलांटी गावी हडसन मोटारींचे जे अगदी शेवटचे दुकान होते, तेथे पुढे संग्रहालय झाले आणि हर्ब थॉमसच्या ९२ क्रमांकाच्या हडसनला तेथे आसरा मिळाला. २००६ सालच्या 'कार्स' चित्रपटातला डॉक हडसन मुलांच्या ओळखीचा असेल. ही त्याच्या कुळातली गाडी.

पुढे लोकांचे डोळे उघडले. त्याच ली पेटीचा मुलगा रिचर्ड याने ४ जुलै १९८४ रोजी आपली दोनशेवी शर्यत जिंकली, तेव्हा त्याची पाँटियाक मोटार वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. आता जुन्या गाड्यांचा शोध घेऊन त्या हौसेने दुरुस्त करतात. येथेच माझ्या मनात शंका येते. आजीची गोधडी फाटेल तशी नवे तुकडे लावून जपली, तर ती आजीचीच राहते. कारण तिच्यातली ऊब रोजच्या वापराची असते. पण सगळे तुकडे एकदम बदलून वर इस्त्री केली, तर आजी कुठे उरली?

दारू वाहणाऱ्या कारागिरांनी कागद मागे ठेवले नाहीत. ठेवणार कसे? कागद म्हणजे पोलिसांच्या हाती पुरावा! त्यांची सारी विद्या एखाद्या ओबडधोबड वेल्डिंगच्या टाक्यात, हाताने वाकविलेल्या पत्र्यात आणि कडक केलेल्या स्प्रिंगेत राहिली. तेच त्यांचे हस्ताक्षर. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत, ते त्यांतल्या मजकुरासाठी. कागद कोरा करकरीत दिसावा म्हणून नव्हे. एखाद्या गोठ्यात अशी मोटार सापडली, तर तिला आरशासारखे चकचकीत करणाऱ्याने आधी तिच्यावरचा मजकूर वाचून घ्यावा. पोचा ठोकून सरळ करता येतो. पण तो कोणत्या वळणावर, कोणाच्या धडकेने पडला, हे सांगणारा दुसरा साक्षीदार मग उरत नाही.