पुणे डिव्हिजन, कुतचा वेढा आणि मोड आलेले मूग

शाळेच्या प्रयोगशाळेत 'डीसीपीआयपी' या निळ्या रंगद्रव्यात लिंबाचा रस थेंबाथेंबाने सोडला की निळाई नाहीशी होते. क जीवनसत्त्वाची ही ओळख. कोरड्या मुगाच्या अर्काने रंग जवळपास तसाच राहतो; मोड आलेल्या मुगाच्या अर्काने तो उडतो. या एवढ्याशा फरकाची किंमत पुण्याचे नाव धारण करणाऱ्या एका सैन्याने मोजली आहे.

डिसेंबर १९१५. जनरल टाउनशेंडच्या हाताखालील सहावी (पुणे) डिव्हिजन मेसोपोटेमियात, टायग्रिसच्या काठी कुत येथे तुर्की वेढ्यात अडकली. तीत १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणी होत्या.

वेढ्यात दोन आजारांनी दोन वेगळी माणसे निवडली. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी झाला, पण घोड्याच्या ताज्या मांसाने त्यांना स्कर्व्हीपासून बऱ्याच अंशी वाचवले. हिंदी शिपायांचे उलट झाले. कणकेमुळे बेरीबेरी टळला. मात्र बहुतेकांनी घोड्याचे मांस वर्ज्य मानले आणि ताजी भाजी मिळेना. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा भरेनात. शिपाई गोळीबारात रानटी पाला खुडून आणत आणि शिजवून खात. धर्मगुरूंची परवानगी हिंदुस्थानातून मागवली गेली, तरी पुष्कळांनी ते मांस फार उशिरा स्वीकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली.

शिध्यात डाळ होती. पण डाळ म्हणजे फोडलेले कडधान्य. तिला मोड येत नाहीत. अख्खे मूग वा मटकी भिजवून फडक्यात बांधली, तर एक-दोन दिवसांत त्यांत क जीवनसत्त्व तयार होते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात हे मोड निघत होते, मात्र औषध म्हणून नव्हे, उसळीसाठी! नॉर्वेच्या फ्युर्स्टने १९१२ मध्येच मोडांचा हा गुण दाखवला होता. लष्करापर्यंत तो पोहोचला नव्हता.

कुतनंतर लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ यांनी गिनीपिगांवर कोरड्या व मोड आलेल्या बियांची तुलना केली आणि १९१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. (माणसाप्रमाणेच गिनीपिगाचे शरीरही क जीवनसत्त्व बनवत नाही.) सैन्याच्या शिध्यात अख्खे कडधान्य द्यावे, ते ऐनवेळी भिजवावे आणि फार वेळ शिजवू नये, अशी त्यांची शिफारस होती.

त्या वेळी 'क जीवनसत्त्व' हा पदार्थ कोणी वेगळा काढलेला नव्हता. सेंट-ग्योर्गी यांनी १९२८ मध्ये तो वेगळा केला, आणि १९३२ मध्ये तोच स्कर्व्हीरोधक घटक असल्याचे सिद्ध झाले. चिक आणि डेल्फ यांना एका बियाण्याची परीक्षा करायला आठवडेच्या आठवडे लागत. निळ्या थेंबांना ती करायला दोन मिनिटे पुरतात.